तीन प्रशिक्षक, एक विद्यार्थी : वाचकांचे प्रश्न

शाळेत दोन-तीन खेळ खेळणारे आणि वर विद्यार्थी परिषदेचं किंवा संघाचं पद सांभाळणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि क्रीडाशिक्षक यांची बरीच पत्रं साठली होती. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मी नववीत आहे, वय १५. शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतो, ४०० मीटर धावतो, आठवड्यातून एकदा बॅडमिंटन असतं. विद्यार्थी परिषदेचा सचिवही आहे. महिनाभर ४०० मीटरची वेळ बिघडतच चालली आहे. फुटबॉलचे सर म्हणतात धावणं कमी कर, धावण्याचे सर म्हणतात फुटबॉल कमी कर. नक्की काय कमी करू? (सोबत आठवड्याचं वेळापत्रक जोडलं आहे.)

लगेच काही कमी करू नकोस. आधी मोज. दोन्ही सरांना आपापला सराव दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही. सगळ्याची बेरीज फक्त तुझ्या पायांत होते, आणि पाय ती फार उशिरा सांगतात. म्हणून ती वहीत उतरवायची, आणि वही तूच ठेवायची.

पद्धत कार्ल फॉस्टर या अमेरिकी क्रीडाशास्त्रज्ञाने रूढ केलेली आहे. सराव संपून साधारण अर्धा तास झाला की स्वतःला विचारायचं, आज एकंदर किती जड गेलं? ० म्हणजे नुसता आराम, १० म्हणजे याहून जास्त शक्यच नव्हतं. तो आकडा गुणिले सरावाची मिनिटं, हा झाला त्या दिवसाचा भार. अर्धा तास थांबायचं एवढ्यासाठी, की शेवटची दोन मिनिटं जीव तोडून पळाला असशील तर लगेच दिलेला आकडा त्या दोन मिनिटांचाच असतो, पूर्ण सरावाचा नसतो.

तुझ्या वेळापत्रकात आम्ही अंदाजाने आकडे भरून पाहिले:

सोमवार, फुटबॉल: ९० मिनिटं × ६ = ५४०
मंगळवार, धावणं: ६० × ७ = ४२०
बुधवार, बॅडमिंटन: ७५ × ४ = ३००
गुरुवार, फुटबॉल: ९० × ६ = ५४०
शुक्रवार, वेगाच्या फेऱ्या: ४५ × ८ = ३६०
शनिवार, सामना: ७० × ९ = ६३०
रविवार, सुट्टी: ०

बेरीज २७९०. वेळ सगळी मिळून ७ तास १० मिनिटं. आठवड्यातले खेळाचे तास वयाच्या आकड्यापुढे जाऊ देऊ नयेत असा एक ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने तुला १५ तासांपर्यंत मुभा आहे आणि तू निम्म्यावरही नाहीस. मग दुखणं कुठे आहे? गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारची बेरीज कर: १५३०. आठवड्याच्या भारापैकी निम्म्याहून जास्त भार सलग तीन दिवसांत. त्यातही शुक्रवारच्या वेगाच्या फेऱ्या फुटबॉलने दमलेल्या पायांवर होतात. दमलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही, फक्त दमणं शिकता येतं.

आता वेगाचं सगळं काम मंगळवारी ने: ६० × ८ = ४८०. रविवारच्या सुट्टीनंतर लागून दोन जड दिवस आले तरी झेपतात. गुरुवारचा फुटबॉल ६० मिनिटांचा करायला सरांना सांग: ३६०. शुक्रवारी फक्त ३० मिनिटं पायांच्या हालचाली आणि दोन-तीन हलक्या धावा, त्या ३ च्या वर नेऊ नकोस: ९०. नवी बेरीज २४००, आणि शेवटच्या तीन दिवसांची १०८०. एकही खेळ सुटला नाही. सरांकडे जाताना तक्रार घेऊन नाही, हे दोन तक्ते घेऊन जा. ‘थकलो’ या शब्दावर वाद होतो, गुणाकारावर सहसा होत नाही.

पत्रात एक गोष्ट तू सहज लिहून गेला आहेस: परिषदेची बैठक शुक्रवारी मधल्या सुट्टीत असते. मग तू जेवतोस कधी? सामन्याच्या आदल्या दुपारी उपाशी राहणारा सचिव शनिवारी उत्तरार्धात दिसेनासा होणारच. बैठक दुसऱ्या दिवशी हलव.

दोन आठवडे असं करूनही वेळ सुधारली नाही, झोप उडाली, भूक मंदावली किंवा अंथरुणातून उठण्याआधीची नाडी नेहमीपेक्षा ८-१० ठोक्यांनी वर राहू लागली, तर आठवडाभर पूर्ण थांब आणि डॉक्टरांना दाखव. रक्तातलं लोह कमी असलं तरीही हीच लक्षणं दिसतात.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची आहे. व्हॉलीबॉल, लांब उडी आणि पोहणं असं तिन्ही करते. व्हॉलीबॉलचे प्रशिक्षक म्हणतात, आत्ताच बाकीचं सोडलं नाही तर ती मागे पडेल. खरं आहे का?

या वयात तरी नाही. बहुतेक खेळांत एकाच खेळाला वाहून घेणं साधारण १५-१६ वर्षांपर्यंत लांबवावं, अशी अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१६ ची शिफारस आहे. जिम्नॅस्टिक्ससारख्या काही खेळांत कामगिरीचं शिखर लवकर येतं, तिथला हिशेब वेगळा. व्हॉलीबॉल त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी २००७ साली १६ व्या वर्षी क्रिकेट आणि फुटबॉल दोन्हींत देशाकडून उतरली, आणि पुढे दोन्ही खेळांचे विश्वचषक खेळली. प्रत्येक मुलगी पेरी होते असं नाही, पण दुसरा खेळ म्हणजे पहिल्याची चोरी, हा समज तेवढ्याने खोटा ठरतो.

प्रशिक्षकांचं म्हणणं मात्र सगळंच टाकाऊ नाही. ‘अनेक खेळ’ म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नसतं. कुठल्या सांध्याला किती वेळा तेच काम पडतं ते पाहा. व्हॉलीबॉल आणि लांब उडी दोन्हींत उडी आहे, म्हणजे गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यावर) दोन्हींकडून मार. व्हॉलीबॉलचा फटका आणि पोहण्याचा हात दोन्ही खांद्यावरून जातात. तुमच्या मुलीचे तीन खेळ दिसायला वेगळे आहेत, पण खांदा एकच आहे आणि गुडघेही तेच. म्हणून व्हॉलीबॉलचा हंगाम जोरात असताना लांब उडीत पूर्ण ताकदीच्या उड्या बंद, फक्त धावत येण्याचं माप आणि पावलं. पोहण्यात हात कमी, पायांचं काम जास्त. हंगाम संपला की उलट.

त्याच शिफारशींत आणखी दोन आकडे आहेत: आठवड्यातून एक ते दोन दिवस संघटित खेळातून सुट्टी, आणि मुख्य खेळातून वर्षभरात एकूण तीन महिने विश्रांती. ती महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत घेतली तरी चालते, आणि त्या महिन्यात दुसरा खेळ खेळायला हरकत नसते.

प्रशिक्षकांना एक साधा प्रश्न विचारा: ‘मागे पडेल’ म्हणजे या वर्षीच्या संघात जागा जाईल, की १८ व्या वर्षी खेळाडू म्हणून कमी पडेल? पहिल्याचं उत्तर बऱ्याचदा ‘हो’ असतं. त्याची किंमत मोजायची की नाही, हे मुलीला विचारून ठरवा.

प्रश्न : वय १४. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ आलं आहे, दाबलं की दुखतं, उडी मारली की जास्त दुखतं. वर्षभरात उंची ८ सेंटिमीटर वाढली. बास्केटबॉलचा कप्तान असल्यामुळे बाहेर बसता येत नाही.

आधी डॉक्टरांना दाखव. वर्णन ऑसगुड-श्लाटरचं वाटतं. रॉबर्ट ऑसगुड आणि कार्ल श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली वेगवेगळं वर्णन केलं म्हणून हे जोडनाव. मांडीचा पुढचा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जिथे धरतो, तिथे तुझ्या वयात हाड पक्कं झालेलं नसतं, कूर्चा असते. हाड भराभर लांब होतं, स्नायू मागे राहतो आणि ताणून धरतो, आणि प्रत्येक उडीला त्या जागी झटका बसतो. वाढ थांबली की बहुतेकांचं दुखणं जातं. टेंगूळ मात्र कधी कधी कायम राहतं.

पूर्ण बंद करायची सहसा गरज पडत नाही. १० पैकी ३ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी जिना उतरताना काही जाणवलं नाही, तर तेवढा सराव चालेल. ४ च्या वर गेलं किंवा सकाळी लंगडलास, तर पुढच्या वेळी उड्या निम्म्या. बास्केटबॉलच्या सरावात किती उड्या होतात ते एकदा कुणाला तरी मोजायला सांग. आकडा ऐकून तुझे सरही चमकतील. दिवसाआड भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसायचं, ३० ते ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये मिनिटभर विसावा. गुडघे ७०-८० अंशांत वाकवायचे, आणि दुखलं तर थोडं वर सरकायचं. सरावानंतर बर्फ फडक्यात गुंडाळून १०-१५ मिनिटं.

रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गुडघ्यात पाणी होऊन सूज, गुडघा अडकणं, ताप, किंवा उडीच्या वेळी अचानक ‘कट’ आवाज येऊन पाय सरळ न होणं, हे मात्र वेगळं प्रकरण. त्याच दिवशी रुग्णालयात.

कप्तानाने बाहेर बसायचं नसतं, हे कुठल्या नियमात आहे? पहिल्या सत्राच्या सुरुवातीची आणि शेवटच्या सत्रातली मिनिटं तुझी, मधली उपकप्तानाची, असं सरांशी आधीच ठरवून टाक.

प्रश्न : सकाळी कबड्डीचा सामना, दोन तासांनी रिले. मधल्या वेळात काय करावं?

लगेच बसू नका, दहा मिनिटं चाला. घामाचे कपडे आणि मोजे बदला. पहिल्या अर्ध्या तासातच पिष्टमय, कमी तेलाचं, कमी चोथ्याचं काहीतरी खा. वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे ५० किलोच्या खेळाडूला ५० ग्रॅम, आणि तेही थोडं थोडं करून. सामन्याआधी आणि नंतर वजन करता आलं तर उत्तम: अर्धा किलो घटलं तर साधारण अर्धा लिटर घाम गेला. पाणी त्याहून थोडं जास्त, पण घोट घोट. एका दमात बाटली रिकामी केली तर रिलेच्या वळणावर ती पोटात डुचमळते. दुसरा वॉर्मअप १०-१२ मिनिटांचा पुरे, अंग अजून गरम असतं. एकच स्नायू मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरणं टाळा, त्याने थोड्या वेळापुरता जोर कमी होतो. बॅटन देण्या-घेण्याचा सराव मात्र चुकवू नका. दमलेल्या अवस्थेत धावणं बिघडण्याआधी बॅटनची अदलाबदल बिघडते, कारण येणाऱ्याचा वेग कमी झालेला असतो आणि घेणारा नेहमीच्याच खुणेवर निघतो. खूण अर्ध्या ते एका पावलाने जवळ घ्या.

प्रश्न : मी विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष आहे आणि हॉकी संघाची कप्तान. बैठका लांबतात, मी सरावाला निघाले की ‘ही कधी नसतेच’ असं बोललं जातं. वर मैदानाच्या वेळा ठरवताना मी हॉकीलाच झुकतं माप देते असा आरोप झाला. एक पद सोडावं का?

पद सोडण्याआधी दोन गोष्टी दुरुस्त करून बघ. दोन्ही कागदावर होतात.

पहिली, बैठक. विषयपत्रिका दोन दिवस आधी फळ्यावर लागली पाहिजे. विषय चारच्या वर नकोत, आणि प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली हवीत. एकूण ४० मिनिटं. ‘क्रीडादिनाची तयारी’ हा विषय नव्हे, त्यावर तासभर बोलता येतं. ‘पाण्याच्या टाक्या किती आणि कोण भरणार’ हा विषय. ज्यावर निर्णय घ्यायचा तो पहिला, नुसती माहिती द्यायची ती शेवटी. बहुतेक परिषदांत नेमकं उलट चालतं, आणि म्हणून निर्णयाची वेळ आली की निम्मे जण बसच्या वेळेकडे बघत असतात. गणपूर्ती किती, म्हणजे निर्णयासाठी किमान किती जण हजर हवेत, हे वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवा. इतिवृत्त दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत, तेही तीन रकान्यांत: काय, कोण, कधीपर्यंत. ‘सर्वांनी मिळून करावे’ असं लिहिलेलं काम कुणीच करत नाही.

दुसरी, तुझी अनुपस्थिती. हॉकीचं वेळापत्रक हंगामाआधी येतं. त्या दिवशीच ज्या बैठकांना तू नसशील त्या तारखा सगळ्यांना सांग आणि उपाध्यक्षाला लेखी सूत्रं दे. अशी चिठ्ठी पुरते:

‘मंगळवारची बैठक तू चालव. विषय १ : वाचनालयाची वेळ. माझं मत वाढवावी, पण मतदान घे. विषय २ : फलकाचा खर्च. कोषाध्यक्षाकडे दोन दरपत्रकं आहेत, तिसरं आल्याशिवाय ठरवू नका. मुख्याध्यापकांना बुधवारी पहिल्या तासाआधी कळवायचं, ते तू कळव. अडलं तर बाईंना विचार, मला सरावात फोन करू नको.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. सोपवलेलं काम मैदानावरून फोनवर चालवलं, तर दोन्हींकडे तू अर्धीच असतेस, आणि उपाध्यक्षाच्या वाट्याला फक्त निरोप्याचं काम उरतं.

आता आरोप. तो खरा आहे की खोटा याने फरक पडत नाही, कारण मैदानाचं वाटप करताना हॉकीची कप्तान अध्यक्षाच्या खुर्चीत बसली आहे हे सगळ्यांना दिसतं. मैदान, क्रीडानिधी किंवा गणवेश यांचा विषय आला की सुरुवातीलाच सांग, ‘या विषयात माझा संघ आहे, अध्यक्षपद उपाध्यक्ष घेतील.’ खुर्ची सोड आणि मत देऊ नकोस. हॉकीची बाजू मांडायची तर इतर कप्तानांइतकीच मिनिटं घे. हे सगळं इतिवृत्तात लिहून घे. वाटपाचा निकषही आधी ठरलेला असावा: खेळाडूंची संख्या, पुढच्या स्पर्धेची तारीख, दुसरी जागा मिळण्याची शक्यता. निकष आधी आणि वाटप नंतर, हा क्रम चुकला की कितीही प्रामाणिकपणे केलेलं वाटप संशयास्पदच दिसतं.

हे दोन महिने पाळूनही सरावाचे दिवस आणि बैठकांचे दिवस पुन्हा पुन्हा आदळत असतील, तर एक पद सोड. शक्यतो सत्राच्या शेवटी आणि इतिवृत्ताची वही पूर्ण करून.

प्रश्न : सामन्यात सहकाऱ्याच्या डोक्याला डोकं आपटलं. तो ‘ठीक आहे’ म्हणाला, सरांनी निर्णय माझ्यावर सोडला. कप्तान म्हणून काय करायला हवं होतं?

बाहेर काढायचं. त्या दिवशी परत मैदानात नाही, मग तो काहीही म्हणो. मेंदूला धक्का बसलेला खेळाडू स्वतःचा परीक्षक होऊ शकत नाही, आणि हा निर्णय एका विद्यार्थ्यावर टाकायलाही नको होता. पुढच्या वेळी सरांना स्पष्ट सांग. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, झटके, वाढती गुंगी, मानेत तीव्र दुखणं, हातापायांत अशक्तपणा किंवा एकाची दोन दिसणं, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय. मान दुखत असेल तर त्याला उचलून बसवायचं नाही. यांपैकी एकही लक्षण नसेल तरी डॉक्टरांनी तपासायलाच हवं, आणि तोवर त्याला एकटं सोडू नये.

पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती: हलकं चालणं चालतं, स्क्रीन कमी. मग आधी वर्ग, नंतर खेळ. खेळात परतणं टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास: चालणं, हलकं धावणं, एकट्याने कौशल्याचा सराव, संघासोबत पण धडक नसलेला सराव, पूर्ण सराव आणि शेवटी सामना. धडकेच्या सरावाआधी डॉक्टरांची परवानगी लागते.

प्रश्न : लांब पल्ल्याची धावपटू आणि बास्केटबॉल खेळाडू, वय १६. चार महिने पाळी आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात, खेळाडूंचं असंच असतं.

असंच असतं म्हणून सोडून देऊ नकोस. तीन महिने किंवा जास्त पाळी चुकली की डॉक्टर, हा नियम खेळाडूंनाही लागू आहे. दोन खेळांच्या खर्चाइतकं खाल्लं गेलं नाही की शरीर आधी हेच काम थांबवतं, आणि पाठोपाठ हाडं कमकुवत होऊ लागतात. नडगीवर बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, हाडाला बारीक तडा असू शकतो. मुलांमध्ये पाळीसारखी उघड खूण नसते, पण तोच तुटवडा त्यांनाही होतो.

प्रश्न : अंतिम सामना आणि चाचणी परीक्षा एकाच आठवड्यात. कुठे काटछाट करू?

झोपेत नाही. १३ ते १८ वयाला रात्री ८ ते १० तास लागतात. काटछाट सरावात कर, आणि सुदैवाने अंतिम सामन्याआधी ती फायद्याचीच असते: सरावाची मिनिटं साधारण निम्मी, वेग तोच. शिक्षकांना सामन्यानंतर नाही, दहा दिवस आधी लिही, आणि त्यात विनंतीपेक्षा योजना जास्त असू दे: ‘१२ तारखेला तिसऱ्या तासानंतर मी सामन्यासाठी जाईन. त्या दिवशीचा धडा मी ११ तारखेला वाचून येईन. प्रयोगवही १० लाच देते. चाचणी १३ ला दुपारी देता येईल का, की ठरलेल्या वेळीच देऊ?’ दोन्ही पर्याय लिहिलेले असले की शिक्षकांना फक्त एकावर खूण करायची उरते.